पिवळ्याखाली पिवळा : रंगजुळणी पेटीच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

पेटीने काय करायचं ते आज पक्कं झालं. एका भोकातून आत बघायचं. आत एक लहान गोल, मधोमध आडवा दुभागलेला. वरच्या अर्ध्यात एकाच दिव्याचा पिवळा प्रकाश, तरंगलांबी सुमारे ५९० नॅनोमीटर. खालच्या अर्ध्यात लाल आणि हिरवा मिसळलेले, ज्यांत ५९०च्या आसपासचं काहीच नाही. बाहेर दोन नॉब : एकाने खालच्या मिश्रणातलं लाल-हिरव्याचं प्रमाण बदलतं, दुसऱ्याने वरचा पिवळा मंद-प्रखर होतो. बघणाऱ्याने दोन्ही फिरवत मधली रेघ नाहीशी करायची. ती गेली की झडप सरकवायची आणि तोच प्रकाश उभ्या फटीतून, वेगवेगळ्या तरंगलांब्या फाकवणाऱ्या डीव्हीडीच्या तुकड्यामधून बघायचा. वर एक पट्टी दिसेल, खाली दोन.

मूळ प्रयोग लॉर्ड रॅले यांचा, १८८१चा. १९०७मध्ये विलिबाल्ड नागेल यांनी त्यावरून उपकरण बनवलं आणि लाल-हिरव्याच्या रंगांधत्वाच्या तपासणीत ते तत्त्व अजून वापरात आहे. आम्हाला तपासणी करायची नाही. 'तानापिहिनिपाजा' पाठ केलेल्या प्रत्येकाच्या मनात असं बसलेलं असतं की अमुक तरंगलांबी म्हणजे अमुक रंग, आणि रंग प्रकाशातच भरलेला असतो. न्यूटनने १७०४मध्येच स्पष्ट लिहून ठेवलं होतं की किरणांना स्वतःला रंग नसतो, रंगाची संवेदना जागवण्याचा गुण तेवढा असतो. वाचून हे पटतं, पण अंगवळणी पडत नाही. स्वतःच्या हाताने नॉब फिरवून दोन वेगळे प्रकाश एकसारखे केले, तर पडेल.

७ जानेवारी

दिवे निवडण्याआधी डोळ्याचा हिशेब कागदावर मांडला, कारण सगळी निवड त्यावरच उभी आहे.

दृष्टिपटलावर दोन तऱ्हेच्या प्रकाशग्राही पेशी रंग आणि आकार बघण्याचं काम करतात. मंद उजेडासाठी दंडपेशी, उजेडातल्या आणि रंगाच्या कामासाठी शंकुपेशी. शंकूंचे तीन प्रकार : आखूड तरंगलांबीचे (शिखर सुमारे ४२० नॅनोमीटर), मध्यम (५३०च्या जवळ) आणि लांब (५६०च्या जवळ). त्यांना निळे, हिरवे, लाल म्हणायची पद्धत आहे, ती आम्ही पेटीच्या माहितीफलकावर वापरणार नाही. 'लाल' शंकूचं शिखर मुळात पिवळट हिरव्यात आहे. शिवाय मध्यम आणि लांब यांचे आलेख एकमेकांवर इतके चढलेले आहेत की एकाला जागं करून दुसऱ्याला झोपेत ठेवणारा दिवा जवळपास मिळतच नाही.

खरी गंमत शंकूच्या आत आहे. तिथल्या रंगद्रव्यात रेटिनल नावाचा वाकडा रेणू असतो. प्रकाशकण शोषला गेला की तो सुमारे २०० फेमटोसेकंदांत सरळ होतो आणि पुढची रासायनिक साखळी सुरू होते. ही घटना एकतर घडते किंवा घडत नाही. प्रकाशकण ५५०चा होता की ६२०चा, यावर तो शोषला जाण्याची शक्यता अवलंबून असते, पण एकदा शोषला गेला की त्याची तरंगलांबी कुठेही नोंदली जात नाही. मतमोजणीत मत मोजलं जातं, ते कुणी दिलं हे उरत नाही, तसं. म्हणून एकटा शंकू पूर्ण रंगांध असतो. मंद ५६० आणि प्रखर ६२० त्याला एकच वाटू शकतात. रंग सुरू होतो तो दोन वेगळ्या शंकूंचे आकडे शेजारी ठेवल्यावर.

पेटीचं गणित त्यातून येतं. समजा वरच्या पिवळ्याने लांब शंकूत १०० आणि मध्यम शंकूत ५० प्रकाशकण शोषले गेले. खाली लालने ५० आणि १० दिले, हिरव्याने ५० आणि ४०. बेरीज तीच, १०० आणि ५०. आकडे केवळ समजावण्यापुरते आहेत, पण तत्त्व एवढंच आहे. बेरीज सारखी झाली की पुढे मेंदूपर्यंत जाणारा निरोप सारखा झाला, आणि मग तो प्रकाश कशाकशाचा बनला होता हे सांगण्याचा डोळ्याकडे कोणताच मार्ग नाही.

१० जानेवारी

पेटी एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्यांची. आतून मंद पांढरा रंग, चकाकी नको. वरच्या-खालच्या दोन खोल्या वेगळ्या, मध्ये काळा कागद. दिवे सरळ डोळ्यासमोर येत नाहीत. प्रकाश आधी पांढऱ्या भिंतींवर आपटून मिसळतो आणि मग दुधी अ‍ॅक्रिलिकमधून बाहेर येतो. गोलाचा व्यास साडेसतरा मिलिमीटर, डोळा ५० सेंटिमीटरवर. म्हणजे दृष्टीतला कोन २ अंश.

१३ जानेवारी

दिव्यांची निवड. आजचा दिवस यातच गेला आणि सार्थकी लागला.

बाजारात सर्रास मिळणारा हिरवा एलईडी ५२५ नॅनोमीटरचा. तो मुद्दाम तसाच लावून बघितला. लालमध्ये मिसळल्यावर पिवळा तर येतो, पण फिकट, पांढरट. वरचा पिवळा कितीही कमी-जास्त करा, रेघ जात नाही. कारण या एलईडीचा पट्टा रुंद आहे. त्याची एक बाजू ५०० आणि त्याच्याही खाली उतरते, आणि तिथे आखूड शंकू थोडा जागा होतो. ५९०च्या पिवळ्याने तो जवळजवळ जागा होत नाही. खाली तिसऱ्या शंकूचा आकडा आला आणि वर तो शून्याच्या आसपास राहिला, की दोन नॉबांनी ती फट बुजवता येत नाही.

रॅले-जुळणीच्या उपकरणांत ५८९चा पिवळा आणि ६७० व ५४६ची जोडी घेतात, ती याचसाठी. ५४० ते ५५०च्या पुढे आखूड शंकू हिशेबात धरावा लागत नाही. उरतात दोन शंकू, आणि हातात असतात दोन नॉब. दोन अज्ञातं, दोन समीकरणं. म्हणून ही जुळणी दिसायला इतकी साधी आणि इतकी काटेकोर आहे.

मग ५७० नॅनोमीटरचे जुन्या धाटणीचे पोपटी एलईडी लावले. जुळणी सुंदर झाली, रेघ विरघळली. पण डीव्हीडीतून बघताना त्यांच्या पट्ट्याची शेपटी ५९०पर्यंत येते. प्रेक्षक लगेच म्हणेल, 'खालीही थोडा पिवळा आहेच की', आणि त्याचं बरोबर असेल. प्रयोगाचा जीवच त्यात आहे की खाली तो नसावा. शेवटी ठरलं असं : ५२५चा जास्त ताकदीचा हिरवा दिवा आणि त्यासमोर सुमारे ५४०च्या खालचा प्रकाश अडवणारी गडद पिवळी काच. बराचसा प्रकाश काचेत जातो, पण उरतो तो बहुतेक ५४० ते ५७०मधला. लाल दिवा ६४०चा.

आता फटीतून बघितलं की खाली पोपटी पट्टी, मग काळोख, मग लाल पट्टी. आणि बरोबर त्या काळोखाच्या माथ्यावर वरच्या अर्ध्याची पिवळी पट्टी. डीव्हीडीच्या खोबणींमधलं अंतर ०.७४ मायक्रोमीटर आहे, सीडीच्या १.६ मायक्रोमीटरच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे पट्ट्या चांगल्या फाकतात. दुभाजक आडवा ठेवण्याचा फायदा इथे मिळाला : वरचा आणि खालचा वर्णपट एकाखाली एक येतात, वेगळं काही समजावावं लागत नाही.

१८ जानेवारी

विद्युत भाग. दिवे मंद करायला प्रवाह कमी करायचा नाही. प्रवाह बदलला की एलईडीची तरंगलांबीही थोडी सरकते. म्हणून दिवा पूर्ण प्रवाहावर ठेवून भराभर चालू-बंद करायचा आणि 'चालू'चा वाटा बदलायचा, म्हणजे पीडब्ल्यूएम.

अर्डुइनोचं (दिवे चालवणाऱ्या छोट्या नियंत्रक बोर्डाचं) नेहमीचं पीडब्ल्यूएम २५६ पायऱ्यांचं, बहुतेक पिनांवर सुमारे ४९० हर्ट्‌झ. दोन्ही अपुरे. डोळा फरक मोजतो तो प्रमाणात : २००वरून २०१ झालं तर कळत नाही, ४वरून ५ झालं तर मंद टोकाला उडी स्पष्ट दिसते. १६ बिटांच्या टायमरवर, म्हणजे कितीतरी बारीक पायऱ्यांवर गेलो, नॉब गुळगुळीत झाला. वारंवारतेचं कारण वेगळं. स्थिर नजरेला ४९० हर्ट्‌झची लुकलुक दिसत नाही, पण नजर झटकन हलवली की अंधारात लुकलुकत्या दिव्याचे ठिपके एका रांगेत उमटू शकतात. डोळा सेकंदाला दोन-तीन उड्या मारत असतो, त्याला थांबवता येत नाही. दोन हजार हर्ट्‌झच्या वर नेलं.

उष्णतेचा बंदोबस्तही लागला. ५९०चे एलईडी तापले की त्यांचा उजेड बराच घसरतो, हिरव्याचा तितका नाही. सुरुवातीला केलेली जुळणी थोड्या वेळाने आपोआप मोडते, आणि बघणाऱ्याला वाटतं आपलेच डोळे बदलले. मोठा उष्णताशोषक लावला. शिवाय नियम केला : पेटी अर्धा तास चालू राहिल्याशिवाय कुणाची जुळणी नोंदवायची नाही.

२२ जानेवारी

गटातल्या सगळ्यांनी जुळणी केली. मधला दुभाजक पत्र्याचा होता तोवर जुळणी ढिसाळ येत होती. एकच माणूस पुन्हा करायला बसला की नॉब दुसरीकडेच थांबे. तो काढून पात्याची पातळ धार लावली आणि आकडे एकदम जवळ आले. दोन क्षेत्रं एकमेकांना टेकली की डोळा फार बारीक फरक पकडतो. मध्ये काळी फट आली की तीच ताकद ओसरते.

प्रश्न कसा विचारायचा हेही आज कळलं. 'हा कोणता रंग?' असं विचारलं की सोनेरी, नारिंगी, हळदी अशी चर्चा सुरू होते आणि संपत नाही. 'दोन्ही सारखे आहेत का?' एवढंच विचारायचं. त्याला उत्तर येतं, आणि त्या उत्तरावर विसंबता येतं.

२७ जानेवारी

सगळ्या प्रकल्पात मला ज्याची सर्वांत जास्त उत्सुकता होती तो भाग.

जुळणी करून ठेवली. मग शेजारी लावलेल्या प्रखर लाल पडद्याकडे मिनिटभर टक लावून बघितलं आणि लगेच पेटीत डोळा लावला. गोल पिवळा राहिलाच नव्हता, चक्क हिरवट होता. पण अख्खा. वरचा अर्धा हिरवट, खालचाही तितकाच हिरवट, मध्ये रेघ नाही. पुढच्या काही क्षणांत दोन्ही अर्धे हातात हात घालून हळूहळू पिवळ्यावर परतले. हिरवा पडदा वापरला तर तांबूस होऊन परतले. वाटेत एकदाही फुटले नाहीत.

योहानेस फॉन क्रीस यांनी १८७८मध्ये मांडलेला नियम हाच : जुळलेले प्रकाश डोळा कशालाही सरावला तरी जुळलेलेच राहतात. आम्ही तो वाचला होता. डोळ्यांनी बघितल्यावर त्याचा अर्थ वेगळ्याच जोरात कळतो. लाल बघून लांब शंकू थकला, त्याचा निरोप क्षीण झाला. पण तो वरच्या अर्ध्यासाठी जेवढा क्षीण झाला तेवढाच खालच्यासाठी, कारण दोन्हींकडून त्याला मिळणारे प्रकाशकण सारखेच आहेत. म्हणून 'सारखं आहे' हे शंकूंच्या पातळीवर ठरतं आणि तिथेच पक्कं होतं. 'पिवळं आहे' हे त्यानंतर, पुढे कुठेतरी ठरतं, आणि ते हलतं.

पुढे म्हणजे कुठे, याचीही कल्पना आहे. १८०१-०२मध्ये थॉमस यंग यांनी तीन प्रकारच्या ग्राहकांची कल्पना मांडली, हेल्महोल्ट्झ यांनी ती पुढे नेली. एवाल्ड हेरिंग यांना ती अपुरी वाटत होती. लालसर हिरवा किंवा निळसर पिवळा कुणाला का दिसत नाही, असा त्यांचा सवाल. त्यांनी विरोधी जोड्या सुचवल्या : लाल विरुद्ध हिरवा, निळा विरुद्ध पिवळा. पुढची कित्येक दशकं हे दोन पक्ष भांडत राहिले. आज आपल्याला माहीत आहे की पहिल्या पायरीवर तीन शंकू आहेत, आणि दृष्टिपटलाच्याच पुढच्या थरांत त्यांची वजाबाकी सुरू होते : लांब वजा मध्यम, आणि आखूड वजा दोघांची बेरीज. ती करणं भाग आहे. प्रकाशग्राही पेशी दहा कोटींच्या आसपास आणि दृष्टिचेतेत, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत, तंतू जेमतेम दहा लाखांच्या घरात. सगळं जसंच्या तसं पाठवायला जागाच नाही. आमच्या पेटीत दोन्ही पक्ष एकाच वेळी दिसतात. न फुटणारी रेघ यंग आणि हेल्महोल्ट्झ यांची, हिरवट होणारा गोल हेरिंग यांचा.

दुसरी चाचणी, गोलाभोवती निळसर उजेडाची चौकट. पिवळा लगेच जास्त उबदार वाटतो, जुळणी ढळत नाही. एका मर्यादेची नोंद करून ठेवतो : डोळे दिपवणारा प्रकाश वापरला तर हा नियम मोडतो, कारण तेव्हा शंकूंमधलं रंगद्रव्यच इतकं विरळ होतं की त्यांची शोषण्याची रीत बदलते. आमचा पडदा त्याच्या पुष्कळ खाली आहे आणि तिथेच ठेवायचा आहे.

३० जानेवारी

लोक पुढे वाकतात. डोळा २५ सेंटिमीटरवर आला की २ अंशांचा गोल ४ अंशांचा होतो, आणि मग मध्यभागाच्या बाहेरच्या दंडपेशी ढवळाढवळ करू शकतात. दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यावर दंडपेशी नसतात, शंकूच दाटीने असतात. गोल लहान ठेवण्याचं कारण तेच. हनुवटी टेकवायला लाकडी पट्टी ठोकली.

३ फेब्रुवारी

बाहेरच्या लोकांना बोलावून नोंदी घ्यायला सुरुवात केली. बहुतेकांचे नॉब एका अरुंद पट्ट्यात थांबतात, पण तो पट्टा एक बिंदू नाही. लांब शंकूच्या प्रथिनात १८०व्या जागी काहींना सेरिन असतं, काहींना अ‍ॅलॅनिन. एका अमिनो आम्लाचा हा फरक शंकूचं शिखर काही नॅनोमीटरने सरकवतो, आणि रॅले-जुळणीत तो पकडता येतो हे १९९२मध्ये दाखवलं गेलं. दोघंही निर्दोष नजरेची माणसं, पण एकाची जुळणी दुसऱ्याला किंचित लालसर दिसते. आमच्या नोंदवहीत अशा जोड्या आहेत. ते समोरासमोर बसून एकमेकांच्या जुळणीकडे बघत होते आणि दोघंही ठाम होते.

एका पाहुण्याला मात्र खाली सगळ्यांपेक्षा खूपच जास्त हिरवा लागला. त्यांच्या डोळ्याला तो पिवळा, आम्हाला जवळजवळ पोपटी. आमची जुळणी त्यांना नारिंगी दिसली. क्षणभर खोलीत शांतता झाली आणि अशा वेळी काय बोलायचं हे आधी ठरवून ठेवलं होतं याचं बरं वाटलं. 'चुकलं' हा शब्द वापरायचा नाही. त्यांचं उत्तर त्यांच्या शंकूंसाठी तितकंच काटेकोर आहे. पुन्हा करायला दिलं तेव्हा नॉब तिथेच थांबला. रॅले यांनाही १८८१मध्ये हेच भेटलं होतं, आणि तेही घरातच : त्यांच्या तीन मेहुण्यांची जुळणी इतरांपेक्षा फार वेगळी आली होती. पाहुण्यांना एवढंच सांगितलं की ही पेटी दवाखान्यातलं उपकरण नाही, हवं असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे नीट तपासून घ्या.

मध्यम आणि लांब शंकूंची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात आणि इतकी सारखी असतात की प्रती उतरताना त्यांची अदलाबदल होते, कधी एखादं गळतं, कधी दोघांचं मिश्रण तयार होतं. पुरुषांकडे एक्स एकच, म्हणून हे त्यांच्यात जास्त. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. रसायनतज्ज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४मध्ये स्वतःच्या अशा नजरेचं वर्णन मांडलं. त्यांचा अंदाज होता की आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा, आणि मृत्यूनंतर डोळा उघडून बघावा असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. १८४४मध्ये तो उघडला, द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या ऊतीतून १९९५मध्ये डीएनए काढलं गेलं तेव्हा कळलं की मध्यम शंकूचं जनुक नव्हतं. स्वतःच्या नजरेबद्दल इतकी निखळ जिज्ञासा असलेला माणूस मला फार मोठा वाटतो, त्याचा अंदाज द्रवाबाबत खोटा ठरला तरी.

ज्यांच्याकडे या दोनपैकी एकच प्रकार आहे त्यांना पेटीत लाल-हिरव्याचं कुठलंही प्रमाण चालतं. वरचा पिवळा कमी-जास्त केला की काम झालं. लांब शंकू नसलेल्याला लाल दिवा खूप मंद दिसतो, म्हणून लालच्या टोकाला तो वरचा पिवळा पार खाली नेतो. नोंदतक्त्यात पिवळ्याच्या नॉबचा आकडा सक्तीचा केला आहे, नाहीतर हा फरक निसटतो.

८ फेब्रुवारी

फलकाचा मजकूर. पहिल्या मसुद्यात कुणीतरी 'डोळे कसे फसतात' असा मथळा दिला होता. तो काढायला लावला आणि त्यावर बराच वेळ बोललो. डोळा इथे फसत नाही. त्याला तीनच आकडे मिळतात आणि तो त्यांचं इमानाने उत्तर देतो. याच गुणावर प्रत्येक मोबाइलचा पडदा चालतो. पडद्यावरचा पिवळा भिंगाखाली बघा, लाल आणि हिरवे ठिपके दिसतील, पिवळा एकही नाही. आणि ज्या गडद गुलाबी-जांभळ्याला आपण मजेंटा म्हणतो त्याला तर कुठलीच एकेरी तरंगलांबी नाही. लांब आणि आखूड शंकू जागे आणि मध्यम त्यामानाने शांत, अशी स्थिती वर्णपटातला कोणताही एक किरण आणू शकत नाही, पण डोळा तिलाही एक रंग देतो.

जुळणी माणसाची आहे, हेही एका ओळीत घातलं. कुत्र्याला दोनच प्रकारचे शंकू, शिखरं सुमारे ४२९ आणि ५५५. आमच्या पेटीच्या पट्ट्यात त्याचा एकच शंकू काम करतो, त्याला पहिला नॉब निरुपयोगी.

१२ फेब्रुवारी

देखभालीची टिपणं. ५९०चे म्हणून विकले जाणारे एलईडी प्रत्यक्षात ५८५ ते ५९५मध्ये कुठेही असू शकतात. एक बदलला की सगळ्यांची जुळणी सरकते आणि आधीच्या नोंदींशी तुलना होत नाही. त्यामुळे सुटे दिवे एकाच गठ्ठ्यातले घेऊन पेटीच्या तळाशी चिकटवून ठेवले आहेत. रोज सकाळी, अर्धा तास तापवल्यावर, एकाच ठरलेल्या माणसाने जुळणी करून आकडा वहीत लिहायचा. तो हलला तर पेटी हलली, असं धरायचं.

दुसऱ्या पेटीचा आराखडा सुरू केला : एका बाजूला निळा आणि पिवळा मिळून पांढरा, दुसऱ्या बाजूला लाल-हिरवा-निळा मिळून पांढरा. ती जास्त अवघड जाईल. निळा आला की डोळ्याचं भिंग मध्ये येतं, जे वयाबरोबर पिवळं होत जातं, आणि दृष्टिपटलाच्या मध्यावरचा पिवळा थरही येतो, जो ४६०च्या आसपासचा प्रकाश शोषतो आणि प्रत्येकात कमी-जास्त असतो. त्या पेटीच्या नोंदतक्त्यात वयाचा रकाना लागेल. नॉब तीन लागतील. निळे दिवे ४६०चे घ्यायचे की ४४०चे, हे पुढच्या बैठकीत ठरवायचं आहे. माझं मत ४४०च्या बाजूने आहे, तिथे त्या पिवळ्या थराचा अडथळा कमी.